बक्षीस गाडीला, पण नाव कोणाचं? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस सरला की गोव्यात जुन्या आणि हौसेने घडवलेल्या गाड्या बाहेर निघतात. कुठे मैदानावर पंधरा-वीस गाड्या, कुठे देवळाच्या जत्रेला लागून चार-पाच. अशा लहान-मोठ्या प्रदर्शनांत मी गेली काही वर्षं परीक्षक म्हणून उभी राहते. निकाल लागला की मालक, मेस्त (म्हणजे गाडीवर काम करणारे कारागीर) आणि आयोजक तेच प्रश्न पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. माझे बाबा फोंड्यात पत्र्याचं काम करायचे. माझं मत कुठून आलं आहे ते वाचणाऱ्याला माहीत असावं, म्हणून हे आधीच सांगते.

थोडक्यात सांगा. बक्षीस गाडीला द्यायचं की घडवणाऱ्याला?

गुण गाडीला द्यायचे आणि नाव घडवणाऱ्याचं घ्यायचं. परीक्षकाने समोरच्या गाडीकडेच बघावं. ती कोणाची, किती लाखांची, कोणत्या गॅरेजमधून आली, हे त्या वेळी मनात आणू नये. पण निकाल ठरल्यावर माइकवरून, प्रमाणपत्रावर आणि चषकावर मालकाच्या नावाबरोबर काम केलेल्या हातांचीही नावं आली पाहिजेत. ती येत नाहीत, आणि माझी सगळी तक्रार एवढीच आहे.

पण अशा स्पर्धा पहिल्यापासून गाडीच्याच नाहीत का?

उलट, पहिल्यापासून त्या घडवणाऱ्यांच्या होत्या. १९२०-३०च्या दशकांत फ्रान्समध्ये ज्या सौंदर्यस्पर्धा भरत, त्यांत गाड्या नव्या कोऱ्या असत. त्या काळी महागड्या गाडीचा सांगाडा आणि इंजिन एका कंपनीचं असे आणि वरची बॉडी दुसरीच कार्यशाळा हाताने बांधून देई. डेलाहायेच्या सांगाड्यावर फिगोनी ए फालास्कीची बॉडी, रोल्स-रॉइसच्या सांगाड्यावर हूपर किंवा बार्करची. स्पर्धा म्हणजे या बॉडी बांधणाऱ्यांचं कौशल्य लोकांपुढे मांडण्याची जागा होती. त्यांची छोटी धातूची पट्टी दाराच्या उंबऱ्याशी बसवलेली असे. आजही अशा गाडीची ओळख करून देताना दोन्ही नावं एका दमात घेतात.

पुढे कारखान्यातच अख्खी बॉडी तयार होऊन येऊ लागली आणि बॉडी बांधणारे मागे पडले. गाड्या जुन्या झाल्या, त्यांचे मालक बदलत गेले, आणि स्पर्धेच्या मंचावर मालक एकटाच उरला. ज्या गाडीचा पत्रा आज एखाद्या मेस्ताने पुन्हा घडवलेला असतो, तिच्या बाबतीत तर जुनी रीतच जास्त लागू पडते.

मालकाचं काहीच नाही का? पैसे त्याने घातले.

मालकाचं पुष्कळ आहे. गाडी भंगारात न देणं, वर्षभर तिच्याविना राहणं, मध्येच पैसे संपले तरी काम न सोडणं, मूळ दिवे मिळेपर्यंत नकली न बसवणं ही सगळी मालकाची निवड असते. चांगल्या मालकाशिवाय चांगलं काम उभं राहत नाही हे मी घरात पाहिलं आहे. घाई करणाऱ्या मालकाच्या गाडीत बाबांचंही काम मनासारखं व्हायचं नाही.

मालकाचं नाव काढा, असं माझं म्हणणंच नाही. त्याच्या शेजारी दुसरं नाव लिहा.

तुम्हाला हे इतकं का लागतं?

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. मडगावच्या एका गृहस्थांची प्रीमियर पद्मिनी बाबांकडे आली. त्यांच्या वडिलांची गाडी. बरीच वर्षं झावळ्यांच्या छपराखाली उभी होती. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून झिरपून खालचा पत्रा चाळणी झालेला. ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसायची. दोन्ही बाजूंच्या सिल, म्हणजे दारांखालच्या पट्ट्या, आतून पोकळ झालेल्या, डिकीत स्टेपनीची जागा तर उरलीच नव्हती. या गाडीला वेगळी चेसिस नसते, बॉडीच सगळा भार उचलते. म्हणजे सिल गेली की दारं खाली बसतात, आणि नुसता पत्रा चिकटवून भागत नाही. आधी गाडी आतून टेकू देऊन सरळ धरायची, मग कुजलेलं कापायचं, मग नवीन घडवायचं.

बाबांनी अकरा महिने घेतले. सपाट पत्र्यावर खडूने आखून, कापून, लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून त्यांनी तळाचा प्रत्येक खळगा पुन्हा काढला. संध्याकाळी बॅटरी धरायला मी असायची. डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, आतून धरून बाहेरून हातोडी मारताना ते डोळ्यांनी कमी बघायचे आणि तळहाताने जास्त. पत्र्यावरून हात फिरवायचे, थांबायचे, पुन्हा दोन ठोके. पुट्टीचा डबा उघडायला त्यांना आवडायचं नाही. पुट्टी पाणी धरते, म्हणायचे.

त्या गाडीला एका प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. आम्ही दोघं गेलो होतो. बाबा सकाळीच जाऊन गाडी पुसून आले होते आणि बक्षिसाच्या वेळी मागच्या रांगेत, हातात फडकं तसंच धरून उभे होते. निवेदकाने मालकांना विचारलं, एवढी सुंदर कशी केलीत? ते म्हणाले, खूप कष्ट घेतले. टाळ्या झाल्या. फोटो काढले. घरी येताना बसमध्ये बाबा एवढंच बोलले, की उन्हात डावं दार जरा घासतंय, परत बोलावून घ्यायला हवं.

ते मालक सज्जन होते. दर चतुर्थीला आमच्याकडे नारळ पाठवायचे. त्यांना कोणी वेगळं काही विचारलंच नव्हतं. बऱ्याच वर्षांनी मी परीक्षक झाले तेव्हा प्रवेशाचा अर्ज हातात आला, आणि त्यात मालकाचं नाव, गाडीचं नाव, साल आणि नोंदणी क्रमांक एवढेच रकाने होते. घडवणाऱ्याचं नाव लिहायला जागाच नव्हती. निवेदकाच्या हातातला कागद त्याच अर्जावरून तयार होतो. म्हणून मी कोणाच्या मनाला दोष देत नाही, अर्जाला देते. अर्ज एका दुपारीत बदलता येतो.

बाबांना मी एकदा विचारलं होतं, वाईट वाटलं का? म्हणाले, "गाडी तांची, काम म्हजें." त्यांच्या पुरतं ते ठीक होतं. मला ते पुरेसं वाटत नाही.

परदेशांत घडवणाऱ्याला मान देतात, असं ऐकलं आहे. खरं का?

काही ठिकाणी देतात, पण तिथेही मालकाचंच नाव चिकटून राहतं. अमेरिकेतल्या घडवलेल्या गाड्यांत सर्वांत प्रसिद्ध असलेल्यांपैकी एक म्हणजे १९५१ची मर्क्युरी. तिचा तरुण मालक बॉब हिरोहाटा याने ती १९५२ मध्ये जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांच्या गॅरेजला दिली. त्यांनी छत कापून खाली आणलं, दारांच्या मुठी काढल्या, अख्ख्या गाडीची रेषाच नवी काढली. जग तिला ओळखतं ते मात्र ‘हिरोहाटा मर्क’ म्हणून. १९५९ मध्ये ती एका कुमारवयीन मुलाने पाचशे डॉलरला घेतली आणि पुढे अनेक वर्षं खपून पुन्हा मूळ रूपात आणली. २०२२च्या जानेवारीत लिलावात तिला जवळजवळ वीस लाख डॉलरची बोली लागली. एकाने काम करून घेतलं, दोघांनी घडवलं, एकाने वाचवलं, आणि गाडीच्या नावात पहिलाच तेवढा राहिला. बॅरिस भावांचं नाव हरवलं नाही, कारण ते पुढे फार मोठे झाले. फोंड्याच्या किंवा कुडचड्याच्या मेस्ताला ती सोय नाही.

दोन वेगळी बक्षिसं ठेवली तर? एक गाडीला, एक घडवणाऱ्याला?

जमत असेल तर जरूर ठेवा. मोटारींच्याच जगात याचं जुनं उदाहरण आहे. फॉर्म्युला वनमध्ये चालकाचं जगज्जेतेपद १९५० मध्ये सुरू झालं, पण गाडी बनवणाऱ्या संघाचं वेगळं अजिंक्यपद १९५८ मध्ये आलं. आणि त्या पहिल्याच वर्षी दोन्ही मान दोघांकडे गेले: चालक माइक हॉथॉर्न फेरारीचा, तर संघ व्हॅनवॉल. एकाच पदकात दोन्ही कोंबलं असतं तर त्या वर्षी कोणावर तरी अन्याय झाला असता.

मात्र एक धोका बघते. पंधरा गाड्यांच्या प्रदर्शनात घडवणाऱ्याचं बक्षीस वेगळं ठेवलं की ते आपोआप धाकटं होतं. मोठा चषक मालकाला आणि एक शाल मेस्ताला. मग ती शाल उपकारासारखी वाटते. असं होणार असेल तर एकच चषक ठेवा आणि त्यावर दोन्ही नावं कोरा.

आपल्या गोव्यात असं काही आधीपासून आहे का, की हे सगळं बाहेरचं?

आपल्याकडे दोन्ही रीती आहेत. फक्त गाड्यांकडे बघताना त्या आठवत नाहीत.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराची स्पर्धा असते. कागद, सळ्या, गवत यांचे पैसे कोणी दिले, हे कोणी विचारत नाही. बक्षीस ज्या वाड्यावरच्या पोरांनी पंधरा रात्री जागून नरकासुर उभा केला त्यांनाच मिळतं. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत प्रयोगाला बक्षीस असतं, आणि दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना यांना वेगवेगळी असतात. नेपथ्याचं बक्षीस घ्यायला नेपथ्यकारच मंचावर जातो. संस्थेच्या अध्यक्षांनी ते घेतलं तर प्रेक्षागृहात कुजबुज होईल. चतुर्थीच्या दिवसांत तर आपण घरात पाऊल टाकताच विचारतो, मूर्ती कोणत्या चित्रशाळेची? ज्या गावात हा प्रश्न इतका सहज विचारला जातो, तिथे गाडीपाशी उभं राहून पत्रा कोणाचा, असं विचारायला कोणी नवीन शिकवायला नको.

परीक्षक नक्की काय बघतो? त्यात घडवणारा दिसतो का?

दिसतो. लिहिणाऱ्याचं अक्षर ओळखू येतं तसा.

मी आधी गाडीपासून दहा पावलं लांब उभी राहते आणि बाजूच्या रेषा बघते. दिव्यापासून मागच्या मडगार्डपर्यंत प्रकाशाची रेघ सरळ गेली तर पत्रा सरळ आहे. ती मध्येच लाटेसारखी हलली तर आत पुट्टी असण्याची शक्यता असते. मग जवळ जाऊन दार आणि मडगार्ड यांच्यातली फट बघते. वर तीन मिलिमीटर आणि खाली सहा असेल तर गाडी कुठेतरी वाकली आहे किंवा सिल नीट धरून बसवलेली नाही. मालकाची परवानगी घेऊन, पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पत्र्याच्या खालच्या कडांवरून फिरवते. जाड पुट्टीवर ते धरत नाही. रंगाची जाडी मोजण्याचं यंत्र असेल तर आणखी बरं. कारखान्यातून आलेला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनच्या आसपास असतो. आकडा एकदम हजारावर गेला की खाली काय भरलं आहे ते कळतं.

मग लपलेल्या जागा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला भोकं असतात, ती मोकळी आहेत का? रबराच्या पट्टीवर रंग उडाला आहे का? उडाला असेल तर रंग देताना पट्टी काढली नव्हती. बिजागरीच्या स्क्रूची डोकी घासलेली आहेत का? चटईखालचं वेल्डिंग कसं आहे? जिथे कोणी बघणार नाही तिथे मेस्ताने कसं काम केलं, यावरून मी बाकीच्या गाडीवर किती विश्वास ठेवायचा ते ठरवते.

अमेरिकेतल्या जुन्या मोटारींच्या एका मोठ्या क्लबची, अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकाची, पद्धत चारशे गुणांची आहे. गाडी पूर्ण गुणांनी सुरू होते आणि दोष दिसेल तसे गुण कापले जातात. शिस्त म्हणून ती चांगली आहे आणि मीही वजाबाकीचीच पद्धत वापरते. पण तिच्यात एक उणीव राहते. ती चूक मोजते, अवघड काम मोजत नाही. ज्याने कुजलेल्या गाडीचा अख्खा तळ हाताने घडवला आणि ज्याला मुळातच धड गाडी मिळाली, ते दोघं तिथे सारखेच. हा फरक कळण्यासाठी कामाची वही लागते.

कामाची वही म्हणजे काय?

साधी शंभर पानी वही. काम सुरू होण्याआधीचे फोटो, कापलेल्या पत्र्याचे फोटो, कोणता भाग मूळ, कोणता दुसऱ्या गाडीचा, कोणता नवीन घडवलेला, आणि प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव. मोबाइलमधले फोटो हरवतात, म्हणून वीस-पंचवीस छापून चिकटवा.

जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, फिवाने, जी ट्युरिन सनद स्वीकारली आहे तिचंही म्हणणं याच दिशेचं आहे: जुन्या गाडीवर जे काम होईल त्याची नोंद राहावी आणि बदललेले भाग ओळखता यावेत. आपल्या मेस्तांना सनदीची गरज नाही, वही पुरे. वही असेल त्या गाडीपाशी मी दुप्पट वेळ थांबते, हे मी उघडपणे सांगते.

गाडी मूळ अवस्थेतच जपलेली असेल, कोणी घडवलेलीच नसेल, तर?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे माझं उत्तर बदलतं.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या स्पर्धेला १९५० मध्ये सुरुवात झाली. पुढे अनेक दशकं तिथे सर्वोत्कृष्ट ठरायच्या त्या बहुतेक झगझगीत, पूर्णपणे नव्याने उभ्या केलेल्या गाड्या. २०२४ मध्ये हा मान १९३४च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्सला मिळाला. जतन-गटातल्या गाडीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. तिचा रंग झिजलेला होता आणि तो तसाच ठेवलेला होता.

आपल्या हवेत असं जतन करणं किती कठीण आहे, ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बाकीचे महिने खारा वारा असतो. मिठातला क्लोराइड ओलाव्याबरोबर रंगाच्या बारीक चिरेतून आत शिरतो, आणि पत्रा बाहेरून चांगला दिसत असताना आतून खात राहतो. अशा हवेत एखादी गाडी मुक्तीच्या आधीच्या काळापासून स्वतःच्या रंगात, स्वतःच्या सीटसह उभी असेल, तर कोणीतरी दर पावसाळ्याआधी तिच्या दारांची भोकं मोकळी केली आहेत, खालून ग्रीस मारलं आहे, आणि हौसेने नवा रंग द्यायचा मोह आवरला आहे.

इथे मान मालकाच्या कुटुंबाचा. पण त्याबरोबरच त्या मेस्ताचाही, ज्याने चाळीस वर्षं ती चालती ठेवली आणि काहीही बदललं नाही. कार्ब्युरेटर खराब झाला तर दुसऱ्या कंपनीचा न बसवता तोच खोलून, धुऊन पुन्हा लावला. न केलेल्या कामाचं श्रेय द्यायला आपण फार उशिरा शिकलो.

मालकाने स्वतःच काम केलं असेल तर?

मग दोन्ही रकान्यांत एकच नाव. १९५५ मध्ये पेबल बीचला फिल हिल हा पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेला चालक आपल्या घराण्यातली १९३१ची पिअर्स-ॲरो घेऊन आला आणि तिने पहिला मान मिळवला. त्याला जुन्या गाड्या उभ्या करण्याचा मनापासून नाद होता, आणि पुढे त्याने त्याच कामाची कार्यशाळाही चालवली. आपल्याकडेही सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये जीप उभी करणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी वेगळा गट ठेवा. गॅरेज चालवणाऱ्याशी त्यांची तुलना करू नका. एकाकडे कॉम्प्रेसर आणि रंगाची बंद खोली असते, दुसऱ्याकडे रविवार.

एका गाडीवर दहा जण काम करतात. कोणाकोणाची नावं लिहायची?

पत्रा, रंग, इंजिन, वायरिंग, सीट आणि निकेलचा मुलामा ही सहा कामं माझ्या अर्जात आहेत. प्रत्येकापुढे एक नाव. पत्र्याचं काम करणाऱ्याच्या हाताखाली मुलगा असेल तर मेस्ताने त्याचंही नाव सांगावं, अशी माझी विनंती असते, आणि आजवर एकाही मेस्ताने नाही म्हटलेलं नाही. माइकवर सहा नावं वाचायला अर्धा मिनिट लागतो. पाहुण्यांच्या भाषणाला वीस मिनिटं लागतात.

काम पुण्याहून किंवा कोईमतूरहून करून आणलं असेल तर?

तरी नाव लिहा. गोव्यातल्याच मेस्ताला मान मिळावा, अशी अट मला पटत नाही. हवं तर स्थानिक कामासाठी वेगळा गट ठेवा.

घडवणाऱ्याला मान दिला तर एकच मोठं गॅरेज दरवर्षी जिंकेल.

तसं होऊ शकतं. त्यावर उपाय नियमांत असतो. डेट्रॉइटच्या ऑटोरामा प्रदर्शनात १९६४ पासून रिडलर पुरस्कार दिला जातो. त्याची अट अशी की गाडी त्याआधी कुठेच दाखवलेली नसावी. त्यामुळे एकच गाडी गावोगाव फिरून चषक गोळा करत नाही. आपल्याला एवढं कडक राहून चालणार नाही, गाड्याच थोड्या आहेत. पण पहिलं बक्षीस मिळालेली गाडी पुढची तीन वर्षं फक्त प्रदर्शनात ठेवावी, स्पर्धेत नको, एवढं करता येतं. गॅरेजने दरवर्षी नवीन चांगली गाडी आणली आणि दरवर्षी जिंकलं, तर जिंकू दे. त्याने तेवढं काम केलं आहे.

मॉडिफाय केलेल्या गाडीला बक्षीस द्यावं का? कायद्याचं काय?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. म्हणून छत कापलेली, चेसिस लांबवलेली गाडी रस्त्यावरून चालवत आणली असेल तर मी तिचे गुण भरत नाही, काम कितीही सुंदर असो. कारण इथे फटका शेवटी मेस्तालाच बसतो. मालक म्हणतो, मला काय माहीत, त्यानेच केलं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, आणि ती दहा वर्षं चालते. तिथेही चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. कुजलेला पत्रा मूळ आकारातच पुन्हा घडवला आहे, हे दाखवायची वेळ आली तर फोटो असलेली कामाची वही फार उपयोगी पडते. नोंदणीच्या कामाला जाताना ती बरोबर ठेवा.

प्रेक्षकांच्या मतांनी बक्षीस द्यावं का?

एक जरूर द्यावं. इटलीत कोमो सरोवराकाठच्या व्हिला देस्तेच्या स्पर्धेत पाहुण्यांच्या मतांनी सुवर्णचषक दिला जातो, तो तिथला मानाचा चषक आहे. लहान मुलांना मत द्यायला सांगा. ती नेहमी वेगळीच गाडी निवडतात आणि कारण नीट सांगतात.

रोख रक्कम असेल तर कोणाला?

मेस्ताला. चषक मालकाच्या घरी जाऊ दे, रक्कम कामाला जाऊ दे. काही आयोजकांना हे रुचत नाही, कारण प्रवेश फी मालक भरतो. मग अर्धी-अर्धी करा आणि तसं अर्जावर आधीच छापा, म्हणजे मैदानावर वाद होत नाही.

दुचाकींना हेच लागू आहे का?

हो, सगळं.

आमचा मेस्त मंचावर यायला तयार नाही. ओढून आणायचं का?

नाही. बऱ्याच जणांना माइकचा संकोच असतो, काहींना त्या दिवशी दुसरं काम असतं. नाव घ्या, टाळ्या होऊ द्या, आणि प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी त्यांच्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. मालकाने स्वतः न्यावं. हाताखालच्या मुलांसमोर दिलं तर जास्त चांगलं.

मेस्त आता हयात नाहीत. तरी नाव लिहायचं?

लिहायचं. घरच्यांना कळवायचं, आणि आले तर पुढच्या रांगेत बसवायचं.

नाव लिहिताना एक काळजी घ्या. आपल्याकडे मेस्त टोपणनावानेच ओळखले जातात, आणि मालकाला बहुधा पूर्ण नाव ठाऊक नसतं. अर्जावर टोपणनाव आलं तर मी गॅरेजला फोन करून विचारते, चषकावर कसं कोरायचं? मागच्या वर्षी डिचोलीच्या एका रंगाऱ्याला असंच विचारलं. ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, थांबा, आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव हळूहळू सांगितलं, एकेक अक्षर, मी लिहून घेत होते तसं.